भरलेली की रिकामी

मी चिडकी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं तक्रार नको. अंबरनाथ पूर्वेला भाजी मार्केटच्या मागच्या बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर, माझी दहा मीटरची शूटिंग रेंज आहे. चार लेन, चार टार्गेटं, मूड असला तर फिरणारा एक पंखा आणि मी. नाव प्रतिभा, पण सगळे मॅडम म्हणतात. तरुणपणी राज्य पातळीपर्यंत खेळले, मग गुडघे गेले, आता शिकवते.

माझ्याकडं येणारे निम्मे मोबाइलवर गेम खेळून आलेले असतात. त्यांना पहिल्याच दिवशी धाडधाड करायचं असतं. मी महिनाभर छर्राच देत नाही. उभं राहायचं, श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, रिकामी रायफल खांद्याला लावून टार्गेट बघायचं आणि खाली ठेवायची. निम्मे पळतात. पळू देत. हवेच्या बंदुकीला लायसन लागत नाही म्हणून ती काही जत्रेतली फुगे फोडायची बंदूक होत नाही, हे ज्याच्या डोक्यात शिरत नाही त्याच्यावर मी तोंड वाजवत नाही. फी परत देते आणि वाटेला लावते.

रंजना आली ती फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दुपारी. चाळिशी उलटलेली बाई, साधी साडी, खांद्याला कापडी पिशवी. दारातच चपला काढल्या आणि आत येऊन हात जोडून उभी राहिली. माझं लक्ष तिच्या हातांकडं गेलं. दहाही बोटं निळी, नखांच्या कडा तर काळ्यानिळ्या. शेजारच्या शहरातल्या कॅम्प तीन भागात, जीन्सच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांचे हात असे असतात, तो रंग साबणानं जात नाही. मला वाटलं, मुलीच्या चौकशीला आली असेल.

मी विचारलं, मुलगी कितवीला आहे. ती म्हणाली, "मनाच शिकाची हाय बंदूक."

मी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. हसले नाही, पण तोंडात येणारं हसू गिळलं, खोटं कशाला सांगू. विचारलं, का? म्हणाली, असंच, मन लागत नाही. असंच म्हणून शिकायला येणारी बाई अशी डोळे रोखून बघत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मला काय, महिन्यात पळेल म्हणून नाव लिहून घेतलं. रंजना, खरवई, बदलापूर. काम, धागा कटिंग. शिवून आलेल्या जीन्सचे सुटे धागे कापायचे, दिवसाला दोनशे-अडीचशे नग. नवऱ्याच्या नावापुढं तिनं सांगितलं, हरिचंद्र, आणि मग थांबून म्हणाली, वारले.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगते आणि ओरडून सांगते. बंदूक हातात आली की ती भरलेलीच आहे असं धरून चालायचं. तुम्ही स्वतः रिकामी केली असली तरी. देवानं येऊन रिकामी आहे म्हणून सांगितलं तरी. उघडायची, डोळ्यांनी बघायची, मगच पुढचं. आणि खाली ठेवताना नळीतून ही केशरी दोरी आरपार घालायची, म्हणजे लांबच्या माणसालाही दिसतं की आत काही नाही.

हे ऐकताना बाकीचे जांभया देतात. रंजना मात्र अशी उभी होती की मला वाटलं, चक्कर येतेय. मग तिनं विचारलं, "मॅडम, हातात घेतली का कळतं का? भरलेली का रिकामी? ज्याला सवय हाय त्याला?"

मी म्हटलं, हात लावून कळायला ती काय कैरी आहे? कळो न कळो, बघायचं. तिनं मान डोलावली. पण तिचं समाधान झालं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. त्या प्रश्नासाठीच ती आली होती आणि मी तिला कैरी ऐकवली.

ती पळाली नाही. दर रविवारी बदलापूरहून यायची. शनिवारी कारखाना अर्धा दिवस असला तर कॅम्प तीनहून शेअर रिक्षा पकडून तशीच यायची, अंगावर धाग्यांचा भुसा घेऊन. रायफल धरायला तिला फारसं शिकवावं लागलं नाही. पायांत खांद्याइतकं अंतर, डावं कोपर बरगडीला टेकलेलं, वजन हाडांवर, ताकदीवर नाही. दिवसभर मान खाली घालून कात्री चालवणारे हात, ते हलत नव्हते. वीस वर्षांच्या पोरांचे हात लटलटतात. हिचे दहा मिनिटं जागचे हलायचे नाहीत. मी मनात म्हटलं, अरे, ही तर शूटर आहे.

मग छर्रे दिले आणि सगळा बट्ट्याबोळ झाला. चाप दाबायची वेळ आली की बाई डोळे गच्च मिटायची. बोटाच्या पहिल्या पेरानं हळूहळू दाबायचा असतो चाप, इतका हळू की सुटल्यावर आपल्यालाच कळावं. ही दातओठ खाऊन झटका द्यायची. आवाज काय, टाळी वाजवावी एवढा. तरी तिचा सगळा जीव त्या आवाजाला हादरायचा. टार्गेट कोरं. मागच्या भिंतीवर, फ्रेमवर, एकदा तर शेजारच्या लेनच्या कागदावर. तीन महिने हेच. मी ओरडले, टोमणे मारले, डोळ्याला पट्टी बांधून देऊ का म्हटलं. ती पदरानं तोंड पुसायची आणि पुन्हा उभी राहायची.

बदलापूरच्या अमितनं मला सांगितलं. तोही माझ्याकडं शिकतो, पाण्याच्या टाक्या साफ करायचा धंदा आहे त्याचा, गावोगाव फिरतो, त्याला सगळं माहीत असतं. म्हणाला, मॅडम, ही त्या गनमनची बायको आहे. कॅम्प तीनमध्ये सोनाराच्या दुकानाबाहेर बंदूक घेऊन बसायचा तो हरिचंद्र. स्वतःच्याच बंदुकीनं गेला, मागच्याच्या मागच्या दसऱ्याला. पोलिसांनी अपघात लिहिलं, पण गावात सगळे म्हणतात, मारून घेतली. सतरा वर्षं बंदूक वागवणाऱ्या माणसाकडून अपघात होतो का?

माझं डोकंच फिरलं. माझ्या रेंजवर येतेस, माझ्या हातून बंदूक घेतेस आणि हे सांगत नाहीस? उद्या हिच्या डोक्यात काही आलं तर मी कोणाच्या तोंडाकडं बघायचं? पुढच्या रविवारी मी तिला बाजूला घेऊन चांगली झापली. म्हटलं, खरं सांग, इथं काय करायला येतेस. नाहीतर आजपासून यायचं बंद.

ती म्हणाली, मना काय करून घ्याचं नाय मॅडम. पोर हाय माजी. मना फक्त समजून घ्याचंय.

काय समजून घ्यायचंय ते काही बोलली नाही. पण पोरीचं सांगितलं. जिज्ञासा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. बाप गेल्यावर कॉलेज सोडलं. आता वांगणीला मामाकडं, कैलासकडं राहते. आईच्या घरात पाऊल टाकत नाही. जेवायला बसवावं लागतं. कोणाशी धड बोलत नाही, दिवसाचे दिवस भिंतीकडं तोंड करून पडते. मामा डॉक्टरकडं घेऊन गेला, गोळ्या चालू आहेत. तिच्या मनानं घेतलंय की बाप तिच्यामुळं गेला.

कारण ऐकलं आणि माझा राग निवळला. नवरात्रात जिज्ञासा मैत्रिणींबरोबर कॅम्प तीनला खरेदीला गेली होती. सोनाराच्या दुकानाबाहेर बाप बसलेला, खाकी कपडे, मांडीवर बंदूक. त्यानं लांबूनच हाक मारली, जिजे. मैत्रिणींनी विचारलं, कोण गं? पोरगी बोलून गेली, आमच्या बिल्डिंगचे वॉचमन आहेत. त्यानं ऐकलं. काही बोलला नाही. घरी आला तरी बोलला नाही. नवमीच्या दिवशी पोरीनं ताट वाढलं तर ताट बाजूला सारलं आणि बायकोला म्हणाला, तू वाढ. आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, तो गेला. एकोणीस वर्षांची पोर, तिनं दुसरं काय समजायचं?

मी रंजनाला काढलं नाही. पण छर्रे बंद केले. म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून. आपण जुनी बंदूक घेऊ.

ही जुनी बंदूक म्हणजे माझी स्वतःची, मी शिकले ती. नव्या रायफलींना सिलिंडर असतो, हवा भरलेली असते. हिची नळीच मधून मोडायची, खाली वाकवायची, की आत स्प्रिंग दाबली जाते. मग मागच्या भोकात छर्रा घालायचा आणि नळी वर करून बंद करायची. मला वाटलं, जरा जोर लावावा लागतो, तिचं लक्ष कामात राहील. मी नळी मोडून दाखवली, खट्ट आवाज आला. म्हटलं, हा आवाज ऐकलास? घोडा चढला. आता चाप दाबला की सुटणार.

तिनं रायफल हातात घेतली नाही. विचारलं, "नुसती उघडली तरी चढते?"

मी म्हटलं, हो, उघडली की चढते. हिचंच नाही, बारा बोअरची बंदूक असते ना, तुझ्या नवऱ्याकडं असेल, ती बाहेर घोडा नसलेली असली तर तिचंही तेच. मधून मोडली की आतला घोडा चढतो. न उघडता चाप दाबलास तर काहीच होणार नाही.

बोलून गेले आणि बघते तर ती खाली बसली होती. फरशीवर. कोणी ढकलावं तशी. बाकीच्या लेनवर दोघं होते, त्यांना मी लवकर घरी पाठवलं आणि शटर अर्धं ओढून घेतलं.

पाणी दिलं तर प्यायली नाही. म्हणाली, मॅडम, मना एकदा नीट बघू द्या. हातात घेतली का कळतं का नाय, ते. तुम्ही पयल्या दिवशी सांगितलं नाय मना.

मला चीड आली, पण त्या बाईचं तोंड बघून ती गिळली आणि छर्रा घ्यायला हात पुढं केला. ती म्हणाली छर्रा नको, तो तांदळाच्या दाण्याएवढा. काडतूस जड असतं, छोट्या लिंबाएवढं. मग मीच घड्याळाचे दोन पेन्सिल सेल काढले, चिकटपट्टीनं एकत्र बांधले. म्हटलं, हे तुझं काडतूस. छर्र्याचा डबा लांब कपाटात ठेवला, बंदूक उघडून तिच्या डोळ्यांदेखत रिकामी दाखवली. मग माझी ओढणी तिच्या डोळ्यांवर बांधली. मी कधी सेल नळीच्या बुडाशी चिकटवायचे, कधी नाही, आणि तिच्या हातात द्यायचे. ती दोन्ही हातांत तोलायची, खाली-वर करायची, आणि सांगायची. भरलेली. रिकामी. रिकामी. भरलेली.

दहापैकी चार बरोबर.

मग म्हणाली, आता तुम्ही. तुमाला सवय हाय. मी तीस वर्षं बंदुका उचलतेय. ओढणी बांधली. दहापैकी सहा. टॉस केला असता तरी एवढंच आलं असतं. खोटं बोलावंसं वाटलं, देवाशपथ वाटलं. पण मोजत ती होती.

"मंजे त्याना कळलं नसंल," ती म्हणाली.

आणि मग तिनं सांगितलं. रडली नाही. कारखान्यात कोणाला काम समजावून सांगावं तसं सांगितलं.

हरिचंद्राची एकनळी बंदूक त्याच्या स्वतःच्या नावावर होती. संध्याकाळी तो ती कव्हरात घालून घरी आणायचा. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून काडतूस काढायचा, बिस्किटाच्या डब्यात ठेवायचा, डबा वर फळीवर. मग बंदूक बंद करून एकदा चाप दाबायचा, टक्क. आतली स्प्रिंग सैल झाली की कव्हर. सतरा वर्षं, एक दिवस चुकला नाही. घरात लहान मूल असल्यापासूनची सवय. त्याच्याशिवाय त्या बंदुकीला घरात कोणी हात लावत नव्हतं. तिनंही नाही. नवमीचा एक दिवस सोडून.

खंडेनवमीला त्यांच्याकडं पाटावर हत्यारं मांडतात. कोयता, विळा, कुदळ, पहार, हिची धागे कापायची कात्री, आणि मधोमध बंदूक. तो बंदूक पुसून, मांडून झेंडूची फुलं आणायला गेला. पूजा हिनं मांडायची. सासू, बनूबाई, दारातच पाय दुखतात म्हणून बसलेली, तिथून सांगत होती. पाटावर रिकामं काही ठेवायचं नाही. सुपात तांदूळ घाल, तांब्यात पाणी घाल, कणगीत मूठभर भात राहू दे. नवमीला घरातली कुठलीच वस्तू रिकामी राहता कामा नये, वर्षभर तशीच राहते. हिनं सूप भरलं, तांब्या भरला, डब्या भरल्या. मग बंदुकीपाशी आली.

ती म्हणाली, "मना वाटलं, त्यांचं पोटापान्याचं हत्यार. तेच रिकामं कसं ठेवू?"

त्याला रोज उघडताना बघितलं होतं. फळीवरचा डबा काढला, एक काडतूस घेतलं, बंदूक मोडली, आत सरकवलं, बंद केली. वर हळदकुंकू वाहिलं. पूजेपुरतंच, संध्याकाळी आरती झाली की काढीन, असं मनाशी ठरवलं. संध्याकाळी पाहुणे आले. मग पोरीच्या ताटावरून ते झालं. घरात सगळी तोंडं बंद. ती विसरली.

दसऱ्याला सोनाराच्या दुकानात मरणाची गर्दी असते, त्याला पहाटे सहाला हजर व्हायला सांगितलं होतं. तो घाईत उठला. बंदूक पाटावरून उचलली, दस्ता जमिनीला टेकवून, वाकून नळीवरचं कुंकू फडक्यानं पुसलं, आणि कव्हरात घालण्याआधी सवयीनं चाप दाबला. ही मोरीत पाणी भरत होती.

पोलिसांनी डबा मोजला. दहातलं एक कमी. म्हणजे त्यानंच काढून घातलं, असं सगळ्यांनी धरलं. इन्स्पेक्टरनं हिला विचारलं, तुम्हाला काही माहीत आहे का. ही म्हणाली, मना काय म्हाईत नाय.

"पन मना एक आशा व्हती," ती म्हणाली. "सतरा वर्सं त्यांच्या हातात. त्याना वजनानं कळलं असंल. कळून दाबला असंल, तर मग माजा हात नाय त्यात. तेच बघाला आले मी."

बघा काय आशा. नवऱ्यानं जाणूनबुजून जीव दिला असेल, अशी आशा धरून ही बाई सहा महिने माझ्याकडं येत होती. आणि मी तिच्यावर, डोळे का मिटतेस म्हणून ओरडत होते.

मी म्हटलं, चूक त्याचीही आहे. उघडून बघायला हवं होतं, नियम आहे. ती म्हणाली, सोता रिकामी केलेली, घरातलं कोन हात लावतंय, कशाला बघतील. आणि खरंच होतं ते. नियम सांगणं सोपं असतं. आपण आपल्या घरातल्या माणसांवर नियम लावून जगत नाही.

मग मला पोरगी आठवली. मी विचारलं, जिज्ञासाला सांगितलंस? तिनं मान हलवली, नाही. आणि त्या क्षणी मला जे वाटलं ते वाटलं, मी लपवत नाही. एवढी मला दया आली होती, ती कुठल्या कुठं गेली. म्हटलं, अगं बाई, ती पोर तिकडं मरायला टेकलीय, बापाचा खून आपण केला म्हणून. आणि तू इथं वजनं करत बसलीस? सांग तिला. आजच्या आज सांग. मोकळी होईल ती.

तिनं एवढंच विचारलं, सांगितलं तर ती बरी व्हईल? मी म्हटलं, होईल. छातीठोकपणे म्हटलं. मला काय माहीत होतं? मी काय डॉक्टर आहे? पण मी म्हटलं.

तिला घरी सांगायचं नव्हतं. घरात सासू, आणि तो पाट. म्हणाली, इथं बोलावते, इथं बंदूक हाय, तिला दाखवता येल. शब्दानं सांगितलं तर तिला वाटंल, मी तिला बरं वाटावं म्हनून बनवून सांगते. हे बरोबर होतं. ती पोर सहज कोणावर विश्वास ठेवण्याच्या पलीकडं गेली होती.

ऑगस्टमधल्या एका रविवारी कैलास तिला घेऊन आला. मी रेंज बंद ठेवली होती. पोरगी बारीक, डोळ्यांखाली काळं, केसांना तेल लावून कोणीतरी घट्ट वेणी घातलेली, मामीनं असेल. कैलास बाहेर बाकावर बसला. मीही उठून जात होते, पण रंजना म्हणाली, मॅडम, तुम्ही थांबा, माजं काय चुकलं तर सांगा. म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले. त्याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

रंजनानं जुनी रायफल घेतली. सहा महिन्यांत शिकलेलं सगळं तिनं बिनचूक केलं. नळीचं तोंड टार्गेटकडं, बोट चापाच्या बाहेर, दोरी काढली, नळी मोडली, पोरीला आत बघायला लावलं. म्हणाली, बघ, काय नाय आत. मग बंद केली आणि पोरीच्या हातात दिली. सांग, भरलेली का रिकामी? पोरगी वैतागून म्हणाली, आई, ये सब क्या है, रिकामीच आहे ना, आत्ता तर दाखवलीस. रंजना म्हणाली, तुज्या बापालाबी असंच वाटलं. आणि सांगितलं. पाट, सूप, आजी, काडतूस, आरती, पाहुणे. पोलिसांना काय बोलली तेही. एक शब्द गाळला नाही, एक शब्द स्वतःच्या बाजूनं घातला नाही. मला सांगताना तरी तिनं थोडं रेटून सांगितलं होतं, सासू म्हणाली म्हणून. पोरीला सांगताना सासूचं नाव एकदाच आलं.

पोरगी ऐकत होती. रायफल तिच्या हातातून मी काढून घेतली, तिला कळलंसुद्धा नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सुटत गेलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ती म्हणाली, "मग बाबांनी... माझ्यावरून नाही केलं?"

"नाय," रंजना म्हणाली. "ते कामावर निघाले व्हते. रात्री मना म्हनाले, पोरीचं वय हाय, लाज वाटते या वयात. दिवाळीला तिला मोबाइल घेऊ."

पोरगी रडली. दोन वर्षांचं रडली. जमिनीवर बसून, तोंडात ओढणी कोंबून. रंजना तिच्याजवळ बसली आणि पाठीवर हात ठेवला. मी मनात म्हटलं, झालं, सुटली बिचारी. दोघी सुटल्या.

मग पोरीनं डोळे पुसले आणि आईकडं बघितलं. विचार करत होती. मोजत होती म्हणा.

"तेराव्याच्या दिवशी मी तुला सांगितलं होतं. वॉचमन म्हटल्याचं. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं होतं. तेव्हा तुला हे माहीत होतं?"

रंजना म्हणाली, "व्हतं."

"मग तू माझ्या पाठीवरून हात कशाला फिरवत होतीस?"

रंजनाचा हात तिच्या पाठीवरच होता. पोरगी हळूच पुढं सरकली, हात खाली पडला. आवाज चढवला नाही, शिव्या दिल्या नाहीत. उठली, तोंडावर पाणी मारलं, चपला घातल्या आणि कैलासला म्हणाली, मामा, चल.

या दसऱ्याला हरिचंद्राला जाऊन दोन वर्षं झाली. जिज्ञासानं पुन्हा कॉलेजात नाव घातलं, राहिलेलं दुसरं वर्ष पुरं करतेय. कैलासचा मला फोन आला होता, आभार मानायला. म्हणाला, मॅडम, पोर जेवते, मामेबहिणींशी भांडते, परवा तर हसली. मी विचारलं, आईकडं जाते का? म्हणाला, नाही. रंजना वांगणीला जाते तर ती मागच्या दारानं निघून जाते. फोन घेत नाही. पोरीकडून कैलासला सगळं कळलंय, पण आजीला आणि इतरांना त्यानं काही सांगितलेलं नाही. पोलिसांत मात्र रंजना स्वतः जाऊन बोलली. त्यांनी लिहून घेतलं, फाइल बंद झालीय म्हणाले, बघू म्हणाले.

ती अजून येते. डोळे मिटत नाही आता. मागच्या रविवारी दहापैकी सात छर्रे टार्गेटच्या काळ्या वर्तुळात लागले. नव्या पोरांना ती नमुना म्हणून दाखवावी अशी उभी राहते. मी तिला शाबासकी देत नाही आणि ओरडतही नाही. माझं तोंड तिच्यापुढं उघडत नाही, कारण सांग म्हणणारी मीच होते.

परवा न राहवून म्हटलं, वेळ जाऊ दे रंजना, येईल ती, आई आहेस तिची. मी चूक केली का, हे मला विचारायचं होतं. ती रायफल पुसत होती, नळीचं तोंड भिंतीकडं करून.

म्हणाली, "नाय आली तरी चालंल, मॅडम. आता तिला राग काढाला मी हाय. आदी तिला सोताशिवाय कोनीच नव्हतं."